उसनी धडधड

शस्त्रक्रिया नीट पार पडली, तरी तान्ह्या बाळाचं हृदय कधी कधी लगेच सावरत नाही. तेव्हा एक्मो यंत्र काही दिवस हृदय-फुप्फुसांचं काम अंगावर घेतं. १९७५मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला याच यंत्रावर वाचवलं; तिचा त्रास फुप्फुसांचा होता.

तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाव लिटर. गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन द्यावं, तर ताज्या टाक्यांतून रक्तस्राव. ही कसरत परिचारिका रात्रभर सांभाळतात, म्हणून या अंकात आम्ही त्यांनाच बोलतं केलंय. यंत्र कधी थांबवायचं, हा अवघड प्रश्नही टाळलेला नाही. मुंबई-पुण्यातही बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात; आयसीयूबाहेर बसून राहिलेल्या आईवडिलांनी आम्हाला जरूर लिहावं.