शिफारसपत्रातील मौन

अमेरिकेतील न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया राज्यांत १६ वर्षे परिचारक असलेल्या चार्ल्स कलनला २००३ साली अटक झाली. पुढे त्याने २९ रुग्णांच्या हत्येची कबुली न्यायालयात दिली. त्याच्याविषयी अनेक ठिकाणी संशय निर्माण झाला होता. तरी दाव्याच्या भीतीने जुन्या रुग्णालयांपैकी काहींनी नव्यांना केवळ नोकरीच्या तारखा कळविल्या. २००५ साली न्यू जर्सीने विचारणा झाल्यास खरी माहिती देणे कायद्याने बंधनकारक केले आणि ती सद्भावनेने देणाऱ्यास संरक्षण दिले.

खोटी साक्ष देऊ नको, असे आठवी आज्ञा सांगते. विनाकारण दुसऱ्याचे दोष उघड करणेही ख्रिस्तसभा पाप मानते. म्हणून कर्मचाऱ्याचे कर्ज वा घरगुती कलह पत्रात आणण्याचा अधिकार मालकाला नाही. परंतु रुग्ण किंवा बालक धोक्यात असेल तेथे कारण पुरेसे असते. (हे इतरांना शिकविताना आमची मान खाली जाते: दोषी धर्मगुरूंच्या बदल्या अशाच मौनात झाल्या आणि २००२ साली अमेरिकेतील बिशपांना त्याविरुद्ध नियम करावे लागले.)

आमच्या शाळा व इस्पितळांच्या व्यवस्थापकांनी ‘वर्तणूक चांगली’ हे ठरीव वाक्य लिहिण्यापूर्वी दफ्तर उघडून पाहावे. चौकशीत सिद्ध झाले तेवढेच लिहावे, ऐकीव काहीही नको. आणि लिहिलेले त्या कर्मचाऱ्यालाही दाखवावे.