चिंचेने घासलेली शिवराई

सोमेश्वरनगरच्या शाखेत उसाचे बिल जमा झाले की रीघ लागे. अशाच गर्दीत एका शेतकऱ्याने आजीच्या गाडग्यातली शिवराई माझ्या टेबलावर ठेवली. पुढे ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’. साहेबांना दाखवायची म्हणून चिंचेने लखलखीत घासलेली! हीच अक्षरे पेशवाईतही उमटत राहिली, त्यामुळे नाणे महाराजांच्या काळातले की नंतरचे, हे मला कसे कळावे?

सोनेतारणाला आमच्याकडे सराफ कस लावी, पण कर्ज बँक देई. नाण्याच्या बाजारात बहुधा पारखी तोच, गिऱ्हाईकही तोच. या दुखण्यावर अमेरिकेत १९८६-८७ साली तिऱ्हाईत संस्था निघाल्या. त्या खरेखोटे पाहून सत्तरपैकी गुण देतात, नाणे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. घासलेल्या नाण्याला गुणच नाहीत.

आपली शिवराई मात्र तिकडे धाडता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे परदेशी पाठवायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येतो, आणि तो यावाच. पण मग अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था असलेल्या महाराष्ट्रात अशी तिऱ्हाईत पारख बारामतीच्या शेतकऱ्याच्या हाताशी का नसावी?

“पुन्हा घासू नका,” एवढेच मी म्हणालो.

“घरी अजून दोन हायेत, साहेब. काळ्याच ठेवतो.”