बेळगावचा निकष अक्कलकोटलाही

पळस्पे फाट्यापासून निघणारा गोव्याचा रस्ता सरकारी नकाशात राष्ट्रीय महामार्ग 66 म्हणून दाखवला आहे, पनवेल ते कन्याकुमारी. सिंधुदुर्ग आणि गोवा ओलांडून तो कारवारला पोचतो, आणि महाराष्ट्र ज्या मुलखावर हक्क सांगतो त्यात कारवारही आहे. तरी पनवेलमध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा विषय काढून बघा. उत्तर ठरलेलं आहे : "अहो, इकडेही भारत, तिकडेही भारत. फरक काय पडतो?"

हा आक्षेप आधी घेतो, कारण तो सगळ्यात समंजस वाटतो आणि सगळ्यात पोकळ आहे.

2016 साली पनवेलची महापालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली तिच्या हद्दीत आली. राज्य तेच, जिल्हा तोच, भाषाही तीच. फक्त बिल पाठवणारं कार्यालय बदललं. तेवढ्यावर मालमत्ता कराचा वाद पेटला, मोर्चे निघाले, माणसं उच्च न्यायालयात गेली. त्यात गैर काहीच नव्हतं. हद्द म्हणजे कर कोणाला भरायचा आणि दाद कोणाकडे मागायची, याचा निकाल असतो. मग ज्याची शाळा, सातबारा, पोलीस ठाण्यातली फिर्याद आणि नोकरीची परीक्षा या सगळ्यांची भाषाच राज्य पुनर्रचनेने 1 नोव्हेंबर 1956 ला बदलली, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगतो की फरक पडत नाही? बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असा फलक होता. जुलै 2014 मध्ये तो पोलीस बंदोबस्तात पाडला. गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, तर पोलिसांनी घराघरात शिरून माणसांना झोडपलं. एका पाटीसाठी एवढं. कर्नाटकाने बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधलं, 2012 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन करवलं, 2014 मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं. ज्यांना खरंच फरक पडत नाही ती सरकारं एवढा खटाटोप करत नाहीत.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. महाजन आयोग तुम्हीच मागितला, मग निकाल विरोधात गेल्यावर रडता कशाला? यातला पहिला भाग खरा आहे. सेनापती बापटांनी मुंबईत उपोषण मांडलं, महाराष्ट्राने जोर लावला आणि ऑक्टोबर 1966 मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सामिलीकरणाच्या वेळी हेच महाजन जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान होते, म्हणजे सीमेचं राजकारण त्यांना नवं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी अहवाल दिला. निपाणी, नंदगड, खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच, म्हणजे आताच्या कर्नाटकाकडे. उलट अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग म्हैसूरला. आणि केरळातल्या कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेकडचा भागही म्हैसूरलाच.

हा अहवाल अंतिम म्हणणाऱ्यांना एकच विचारावं. कासरगोडचं काय झालं? केरळाने तो अहवाल मानला नाही आणि संसदेने त्यावर कायदा केला नाही. आयोगाची शिफारस ही शिफारसच असते. कायदा झाला तरच तिची रेषा होते. बरं, कर्नाटक तरी ती सगळी अमलात आणायला तयार आहे का? निपाणी आणि खानापूर सोडायची तयारी कधी दिसली नाही. बेळगावापुरता महाजन शिरसावंद्य, निपाणीपुरती 'आहे ती स्थिती' बरी.

अहवालाच्या तर्कावर आपल्याच जिल्ह्यातून घाव पडला होता. कुलाब्याचे, म्हणजे आताच्या रायगडचे, बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी महाजन अहवालाची चिरफाड करणारं पुस्तक लिहिलं. आयोगाने एका गावाला एक माप आणि शेजारच्याला दुसरं लावलं, हा मराठी बाजूचा मुख्य आरोप आहे आणि तो टिकतो. बेळगाव शहरात मराठी बोलणारे बहुसंख्य होते. तिथे भाषेला बाजूला सारून भोवतालचा कानडी मुलूख पुढे केला, आणि अक्कलकोटला मात्र भाषेची मोजदाद निर्णायक ठरली.

कर्नाटकाचे जाणते वकील म्हणतात की राज्य पुनर्रचनेत जिल्हा हा घटक धरला होता, गावं मोजत बसलो तर अंत नाही. जिल्हा अखंड ठेवायचा होता, तर बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका 1956 मध्ये त्याच कायद्याने वेगळा काढून कोल्हापूरला कसा जोडला? आणि बळ्ळारी? 1953 मध्ये आंध्र राज्य झालं तेव्हा अलूर, अदोनी आणि रायदुर्ग हे तीन तालुके आंध्रकडे गेले आणि उरलेला बळ्ळारी जिल्हा म्हैसूरला मिळाला. जिल्हा फोडून म्हैसूरचा फायदाच झाला होता. फोडाफोड वर्ज्य झाली ती बेळगावपाशी येऊन.

तिसरा आक्षेप काळाचा. जवळपास सत्तर वर्षं ताबा आहे, दोन पिढ्या गेल्या, आता जुनी मढी कशाला उकरता? हा युक्तिवाद देशादेशांच्या वादात खरोखर चालतो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. दोन निकाल बघा. थायलंड आणि कंबोडियातल्या प्रेअह विहेअर मंदिराचा वाद हेगच्या न्यायालयात गेला. नकाशात मंदिर तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यातल्या कंबोडियात दाखवलं होतं आणि सयामने, म्हणजे थायलंडने, वर्षानुवर्षं हरकत घेतली नव्हती. 1930 मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग तिथे गेले, फ्रेंच अधिकाऱ्याने आपला झेंडा फडकवून त्यांचं स्वागत केलं, तरी निषेधाचा शब्द आला नाही. 1962 मध्ये मंदिर कंबोडियाला मिळालं. गप्प बसण्याची किंमत.

दुसरा निकाल आपल्या घरचा आहे. दादरा आणि नगर हवेली 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाली, त्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी होती. 1955 च्या अखेरीस पोर्तुगालने भारतावर हेगमध्ये दावा लावला. आधार कशाचा, तर 1779 च्या मराठ्यांबरोबरच्या तहाचा. भारताने म्हटलं की पेशव्यांनी दिला तो गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल, सरंजाम म्हणून. राज्य दिलं नाही. न्यायालयाने हे मान्य केलं. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. पण, आणि या पणमध्ये सगळं आलं, इंग्रज आले तेव्हा तिथे कारभार पोर्तुगीजांचा होता, इंग्रजांनी तो चालू दिला, पुढे भारतानेही त्यावर हरकत घेतली नाही. म्हणून त्या गावांवर पोर्तुगालचं सार्वभौमत्व न्यायालयाने मानलं. 1960 च्या निकालात पोर्तुगालला जाण्यायेण्याची वाट मिळाली ती फक्त खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरती, सैन्याला नाही. भारताने तो हक्क मोडला असंही ठरलं नाही. निकाल आपल्या बाजूने गेला, पण मूळ कागद आपला असूनही मौनाने त्यावर मात केली होती.

हीच फूटपट्टी बेळगावला लावा. तिथे मौन कधी होतं? 17 जानेवारी 1956 ला बेळगावात गोळीबार झाला, माणसं मेली. 1957 मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याने केंद्राला निवेदन देऊन 814 गावं आणि बेळगाव, कारवार, निपाणी मागितली. दर 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करतं आणि बेळगावातला मराठी माणूस काळा दिन पाळतो. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तर महापालिकाच बरखास्त झाली. मूकसंमतीचा पुरावा द्यायचा झाला तर यातलं कोणतं वर्ष देणार? कधीकाळी नुसता ताबा पुरेसा असेल, पण ज्या ताब्यावर रोज हरकत घेतली जाते तो हक्क होत नाही.

बेळगाव हा काही देशादेशांचा वाद नाही, हेग इथे कशाला, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आणि त्यामुळे प्रश्न उलट सोपा होतो. परक्या देशाला जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते. बेरुबारीचा भाग पाकिस्तानला द्यायचा ठरला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तसंच सांगितलं आणि 1960 मध्ये नववी दुरुस्ती झाली. 2015 मध्ये शंभरावी दुरुस्ती करून आपण बांगलादेशाला 111 वस्त्या दिल्या, 51 घेतल्या, आणि त्यातल्या रहिवाशांना कोणत्या देशाचं नागरिक व्हायचं ते विचारलं. इथे तर घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित विधानसभांचं मत मागवावं लागतं, ते बंधनकारकही नाही. देशाची सीमा हलवली, राज्याची हलत नाही. अडचण घटनेची नाहीच, दिल्लीला दोन्हीकडची मतं सांभाळायची आहेत.

आता थोडं आपल्याकडे. सीमाप्रश्नावरच्या मराठी भाषणांत छत्रपती आले की टाळ्या पडतात. शहाजीराजे बंगळुरात होते म्हणून कोणी बंगळूर मागत नाही, मग बेळगावच्या दाव्यात तरी इतिहासाचं ओझं कशाला? इतिहासच चालवायचा तर चालुक्य आणि यादवांचे कानडी शिलालेख घेऊन समोरचा सोलापुरात उभा राहील, आणि त्याचा पुरावा आपल्यापेक्षा जुना निघेल. 'कर्नाटकव्याप्त महाराष्ट्र' हा शब्दही तसाच. काश्मीरची आठवण देणाऱ्या शब्दाने वृत्तपत्राचा मथळा होतो, सर्वोच्च न्यायालयातला मुद्दा होत नाही.

तिथे 131 व्या कलमाखालचा आपला दावा 2004 पासून पडून आहे. कर्नाटक म्हणतं की हद्द ठरवणं न्यायालयाचं काम नाही. केंद्राने 2010 मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं की भाषा हा एकमेव निकष नव्हता. पण निकाल बाजूने आला तरी रेषा आखायला संसदच लागेल. म्हणून न्यायालयात आणि संसदेत एकच मागणी हवी, आणि ती 1959 मध्ये कायद्यात येऊन बसली आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीचा वाद हरि विनायक पाटसकरांनी सोडवला. खेडं हा घटक, भूभागाची सलगता, आणि त्या खेड्यात कोणत्या भाषेचं साधं बहुमत आहे एवढंच. तिरुत्तणी मद्रासकडे गेलं, मोबदल्यात काही गावं आंध्रकडे गेली. तेलुगू आणि तमिळ माणसाला लागलेलं माप मराठी आणि कानडी माणसाला का लागू नये, याचं उत्तर दिल्लीने कधी दिलेलं नाही.

पण हे माप मागायचं तर दोन गोष्टी गिळाव्या लागतील. पहिली, ते अक्कलकोटला आणि जतलाही लागेल. ज्या गावात कानडी बहुमत आहे आणि ज्याची वेस कर्नाटकाला भिडते, ते गाव जायचं तर जाऊ द्या, असं महाराष्ट्राने लेखी म्हणायला हवं. 1957 मध्ये पनवेलने शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून दिले, त्याच पक्षाचे एन. डी. पाटील या लढ्यात अखेरपर्यंत उभे राहिले. त्या पिढीची मागणी भाषिक न्यायाची होती, जमीन वाढवण्याची नव्हती. दुसरी गोष्ट जास्त कडू. कर्नाटकाच्या 2018 आणि 2023 च्या विधानसभेत महाराष्ट्रात जाण्याची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. समितीत फूट होती, हे खरं. निवडणुकीत पाणी, जात, पक्ष सगळं मिसळतं, हेही खरं. म्हणूनच मत मोजायचं तर ते फक्त या प्रश्नावर, गावनिहाय मोजा. त्या मोजणीला आपण घाबरत असू, तर मग आपला दावा कसला?

घाबरण्यासारखं कुठे आहे तेही सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंनी जत तालुक्यातल्या गावांवर दावा सांगितला. आधार होता तिथल्या गावांनी दशकभरापूर्वी केलेल्या ठरावांचा. त्या ठरावांत भाषा कमी आणि कोरडी शेती जास्त होती. दावा आल्यावर आपल्याकडे धावपळ झाली, म्हैसाळ सिंचन योजनेच्या विस्ताराचं काम पुढे सरकलं, डिसेंबरात अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं, दोन्ही विधानसभांनी आपापले ठराव केले आणि पुन्हा सामसूम झाली. गावनिहाय कौल उद्या ठरला, तर जतच्या पूर्व भागातला शेतकरी आधी बघेल की कालव्याला पाणी कोणी सोडलं.