कोण कुणावर आपटतंय?

चालत्या घरातल्या, म्हणजे कॅम्पर व्हॅनमधल्या, आवाजांना एक खोड असते. ते जन्मतात एकीकडे आणि ऐकू येतात भलतीकडे. ओट्याखालच्या ड्रॉवरचा चॅनल सैल झालेला असतो, आणि खडखड येते ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यातून. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून त्याच्या जवळपास पंधरा पट वेगाने. पत्र्यातून तो मुकाट्याने धावतो आणि ज्या रुंद, पातळ फळीला थरथरायला मोकळीक असेल तिथे जाऊन बोलतो. त्यात व्हॅन म्हणजे बंद डबा. चारी भिंतींवरून आवाज परततो आणि दिशा ओळखायला कानांना जो बारीक फरक लागतो, तो पुसून जातो. म्हणून माझं मत असं, की कॅम्परमधला आवाज मिटवणं हे वीस-पंचवीस रुपयांचं काम आहे. सगळी मेहनत तो शोधण्यात आहे.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या यासाठी वेगळी माणसं नेमतात. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे, तिथे आवाज आणि कंपनं यांचीच प्रयोगशाळा आहे. मोठ्या कारखान्यांत अख्खी गाडी चार दट्ट्यांवर उभी करून रस्त्यातल्या खड्ड्यांची नक्कल करतात आणि डॅशबोर्डमधली बारीकशी किरकिर हुडकून काढतात. कॅम्परच्या नशिबी हे लाड नाहीत. कंपनीने निगुतीने शांत केलेल्या खोक्यात नंतर कुणीतरी पलंग, ओटा आणि कपाटं ठोकलेली असतात.

आमच्या व्हॅनमध्ये ती घरच्या सुतार-मिस्त्रींनी ठोकली, आणि काम देखणं केलं. पण त्यांचा हात घरावर बसलेला. फळीला फळी अशी भिडवायची की मधून कागद जाऊ नये, ही त्यांची शान. घर जागचं हलत नाही म्हणून तिथे हे शोभतं. गाडी हलते आणि शिवाय पिळवटते. पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर चढवून गाडी उभी करा आणि मागच्या कपाटाचं दार लावून बघा. आमचं लागत नाही. गाडी खाली घेतली की लागतं. म्हणजे पत्र्याचं खोकं काही मिलिमीटर पिळलं आणि आतलं प्लायचं कपाट मात्र पिळायला तयार नाही. तिरप्या स्पीडब्रेकरवर हेच भांडण दर वेळी होतं, आणि सनमायकाच्या कडा एकमेकींवर घासून करकरतात.

करकर आणि खडखड यांची जात वेगळी, औषधही वेगळं. करकरीत दोन पृष्ठभाग एकमेकांना दाबून असतात. गाडी पिळली की क्षणभर चिकटून राहतात, ताण वाढतो, सटकन घसरतात आणि पुन्हा चिकटतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला करकर लागते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हाही हेच घडतं. तिथे राळ लावून चिकटणं मुद्दाम वाढवतात, इथे आपल्याला ते घालवायचं असतं. लाकडावर लाकूड घासत असेल तर मेणबत्ती चोळावी. दाराच्या रबरावर पंक्चरवाल्याकडचं शंखजिरं किंवा सिलिकॉनचा स्प्रे पुरतो. खडखडीला उलट फट लागते: दोन वस्तू आणि मध्ये केसाएवढी मोकळी जागा. तिथे वंगण ओतून काही होत नाही. ती जागा भरा, नाहीतर इतकी वाढवा की दोघी एकमेकींपर्यंत पोचूच नयेत.

शोध घ्यायला माणसं दोन लागतात. सकाळी लवकर सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चालवतो, बायको मागे बसून फळ्यांवर तळहात टेकवत फिरवते. जिथे हात दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे ती कागदी चिकटपट्टी लावते. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत आणि धीरही जास्त. "अहो, तो खड्डा पुन्हा घ्या," असं ती म्हणते, आणि खड्डे चुकवण्यात हयात गेलेल्या माणसाला खड्डा नेमका चाकाखाली आणणं किती अवघड जातं ते तेव्हा कळतं.

त्याआधी एक परीक्षा उभ्या गाडीची. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असलं तर सेकंदाला सत्तावीसेक धक्के देतं. ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत नेला की हा आकडा वाढतो आणि गाडीतली एकेक वस्तू आपापल्या आकड्याला थरथरून उठते. आमच्या पडद्याची ॲल्युमिनियमची पट्टी एका ठरावीक जागी भुणभुणते, जरा वर गेलं की गप्प. असा आवाज उभ्या गाडीत मिळाला तर रस्त्यावर शोधत बसायची गरज उरत नाही.

आणि त्याच्याही आधी गाडी रिकामी करावी. पूर्ण. जॅक, त्याचा दांडा, पाना, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, खांबावर आपटणारं सीटबेल्टचं बक्कल, सगळं. फर्निचरच्या नावावर खपणारे बरेच आवाज सामानाचे असतात. परदेशी कॅम्परवाल्यांना मेलामाइनच्या ताटल्या आणि दोन मग एवढ्यावर भागवता येतं. आपल्याला पोहे, आमटी-भात, पोळ्या लागतात, म्हणजे स्टीलची ताटं, वाट्या, झाकणांचे डबे, किसणी, पोळपाट-लाटणं आणि कुकर आलाच. ताटांच्या प्रत्येक जोडीत जुन्या सुती साडीचा तुकडा घातला. वाट्या एकीत एक न घालता उपरण्यात गुंडाळल्या. चमचे उभ्या डब्यातून काढून कापडाच्या कप्पेवाल्या गुंडाळीत गेले. डब्यांचा किणकिणाट त्यात पदार्थ काठोकाठ असला की थांबतो, म्हणून निम्मा डबा डाळ घेऊन प्रवासाला निघायचं नाही, छोटा डबा घ्यायचा. कुकरची शिट्टी काढून वेगळी ठेवायची, नाहीतर ती वाटभर झाकणावर नाचते. एवढं केल्यावर गाडी इतकी बदलली, की मिस्त्रींना फोन करून तावातावाने बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

फटीत काय भरायचं यावर लोक फारसा विचार करत नाहीत. हाताला येईल ते कोंबतात. जिथे दोन वस्तू एकमेकींवर घट्ट आवळल्या आहेत आणि सरकणार नाहीत, तिथे रबर उत्तम. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून वापरल्या की झालं. पण जिथे थोडं सरकणं होणारच, तिथे रबर लावलं तर खडखड जाऊन करकर येते, कारण रबर चिकटतं. तिथे फेल्ट हवं, किंवा घोंगडीची पट्टी. आणि तो डब्यातून फवारायचा, फुगणारा फोम गाडीच्या जवळ आणू नये. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या पोकळीत तळाशी पाणी निचरायला भोकं असतात. फोमने ती बुजली की पावसाचं पाणी आत साठतं आणि पत्रा आतून गंजतो. कोकणात चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको.

कपाट बॉडीला तिन्ही बाजूंनी करकचून जखडू नये. तळाला पक्का बोल्ट, भिंतीला रबरी वॉशर घालून बोल्ट, छतापाशी थोडी फट आणि त्यात फेल्ट. फट ठेवायची म्हणजे बोल्ट कमी करायचे असं मात्र नाही. करकचून ब्रेक लागला तर भरलेलं कपाट डोक्यावर येता कामा नये. प्लायमध्ये नुसता पिळलेला स्क्रू कंपनांनी भोक मोठं करतो आणि मग कितीही आवळा, फिरतच राहतो. आरपार बोल्ट आणि नायलॉक नट घालावा. बोल्ट कशाने सैल होतात हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं: बोल्टला आडवे हेलकावे बसले की चांगला आवळलेला नटसुद्धा आपोआप उलटा फिरू लागतो. साध्या स्प्रिंग वॉशरने हे थांबत नाही, तरी आपल्याकडे अजून प्रत्येक नटाखाली तो श्रद्धेने घालतात.

काही आवाज मिटवायचे नसतात. आमच्या गाडीत मागून 'टक्' असा आवाज यायचा आणि तो पलंगाच्या चौकटीचा आहे अशी घरात खात्री होती. गॅरेजवाल्या मामांनी गाडीखाली वाकून पहार लावून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हे फर्निचर नव्हे. स्प्रिंगच्या पाट्याचा बुश गेलाय." बाहेरून येणाऱ्या आवाजाला आत गादी लावून दाबणं धोक्याचं असतं. वळणावर वाढणारी घरघर बेअरिंगची असू शकते. चाकापाशी ठकठक होत असेल तर पहिल्यांदा थांबून चाकाचे नट तपासावेत, गाणी नंतर लावावीत. पाट्यांवर जळकं ऑइल मारायची ट्रकवाल्यांची जुनी रीत आहे. आवाज त्याने लगेच बसतो, पण तेल बुशच्या रबरात मुरतं आणि रबर फुगून मऊ पडतं, म्हणजे आज गप्प केलेला आवाज पुढे महागात पडतो.

ऋतूचंही गणित असतं. पावसाळ्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे गेलो की प्लायच्या कडा दमटपणाने फुगतात आणि सगळी कपाटं शहाण्यासारखी गप्प बसतात. त्या भरात दारं घासून मोकळी करायचा मोह होतो, तो टाळावा. वैशाखात विदर्भाकडे निघालात की तीच दारं आटतात आणि बिजागऱ्या खुळखुळतात. बिजागऱ्या आवळायच्या तर कोरड्या दिवसांत.

सध्या उरलाय तो सरकत्या दाराचा खालचा रोलर. खराब रस्त्यावर तो खटखटतो. नवा रोलर आणून ठेवलाय, पण तो बदलायचा तर दाराला अडवणारं ओट्याचं टोक दोन बोटं कापावं लागणार, आणि तिथे बायकोचा मसाल्याचा डबा बसतो. मिस्त्री म्हणतात कापू. ती म्हणते रोलर राहू दे.