खाटेचे अर्थकारण : मावळात डॉक्टर रस्त्याकडे, रुग्णही रस्त्याकडे

लोणावळा - जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने सोमाटणे फाट्यापासून तळेगाव, वडगाव, कामशेत करीत लोणावळ्याकडे येताना रुग्णालयांच्या पाट्या वरचेवर दिसत राहतात. याच मार्गावर कान्हे फाट्याला उजवीकडे वळून टाकवे बुद्रुक ओलांडले आणि आंदर मावळात खांडीच्या दिशेने निघाले, की त्या विरळ होत जातात. तालुका एकच, अंतर काही किलोमीटरचे.

'डॉक्टरांना खेड्यात जायला नको' हे याचे नेहमीचे स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खासगी डॉक्टरला पैसे मिळतात ते तपासणीचे, शस्त्रक्रियेचे आणि खाटेवर काढलेल्या दिवसांचे. वर्षातून एकदा हाती येणाऱ्या भातावर घर चालविणारे कुटुंब हा खर्च पेलू शकत नाही. महामार्गालगत मात्र विमाधारक कामगार आहेत, बंगल्यांत राहणारे निवृत्त लोक आहेत, पर्यटक आहेत आणि अपघातही आहेत. रुग्णालय तेथेच उभे राहणार.

प्रश्न केवळ रुग्णालय कोठे असावे एवढाच नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेचे वेगळेपण दाखवून दिले होते : येथे काय घ्यावे हे गिऱ्हाईक ठरवू शकत नाही. सल्ला देणारा आणि सेवा विकणारा बहुधा एकच असतो. अशा व्यवहारात मोबदला ज्या कामाला, ते काम वाढते. बाळंतपणाचे आकडे पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४.३ टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. गुंतागुंतीच्या काही केसेस खासगीकडे जातात हे मान्य केले, तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. नैसर्गिक प्रसूतीसाठी रात्रभर थांबावे लागते आणि बिल कमी होते. शस्त्रक्रिया तासाभरात उरकते आणि बिल वाढते.

रुग्णही या हिशेबाबाहेर नाही. बहुतेक आरोग्य विम्यांत किमान २४ तास दाखल झाल्याखेरीज सर्वसाधारण उपचारांचा खर्च मिळत नाही. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात भागणाऱ्या तापासाठीही 'एक दिवस ॲडमिट होऊ' असे रुग्णाचे नातेवाईकच सुचवितात आणि डॉक्टरही नाही म्हणत नाहीत. खाट भरते, कार्डावर खर्च पडतो. पुढच्या वर्षीचा हप्ता वाढला, की दोघेही विमा कंपनीला दोष देतात!

याहून आडवळणाचा प्रकार कट प्रॅक्टिसचा. विंचूदंशावरील संशोधनामुळे परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठविल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. हे प्रकरण २०१३ मध्ये गाजले. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेण्यास वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आधीच बंदी घातली होती. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करविला. कायदा मात्र झाला नाही. तालुक्याच्या गावी फॅमिली डॉक्टरचा शब्द अखेरचा मानला जातो. तेथे चिठ्ठीवरील नाव कशामुळे लिहिले गेले, हे विचारण्याची सोय रुग्णाला नसते.

सरकारी बाजूचा हिशेबही वेगळ्या तऱ्हेने वाकडाच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरचा पगार दहा रुग्ण तपासले काय आणि शंभर तपासले काय, तेवढाच. अनावश्यक शस्त्रक्रियेचा मोह तेथे नाही, परंतु जोखीम पत्करण्याचे कारणही नाही. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, काही बिघडले तर नातेवाइकांचा रोष. अशा वेळी 'पुढे न्या' हे सर्वांत सुरक्षित उत्तर ठरते. आंदर मावळातील गरोदर स्त्री मग कान्ह्याला आणि तेथून औंधला किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात पाठविली जाण्याची शक्यता असते. कळा सुरू झाल्यावर या फेरीला कंटाळलेले कुटुंब कर्ज काढून वाटेतल्या खासगी रुग्णालयात शिरते आणि टक्केवारीच्या दुसऱ्या रकान्यात जाऊन बसते.

तळेगावातच याला एक अपवाद आहे. येथे १९९५ मध्ये खासगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय त्याला जोडलेले आहे. अशा महाविद्यालयाचे मुख्य उत्पन्न विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येते. मान्यता टिकविण्यासाठी खाटांवर पुरेसे रुग्ण असावे लागतात. साहजिकच रुग्णाकडून कमी पैसे घेऊन खाट भरणे संस्थेला परवडते. डॉक्टर त्याच परीक्षा उत्तीर्ण झालेले. वागणूक बदलते ती पैसा कोणाकडून येतो यावर.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२४ पासून दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत गेले, हे स्वागतार्हच. पण तेथेही प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम असल्याने सोपा रुग्ण ठेवावा आणि अवघड रुग्ण पुढे धाडावा, असा कल निर्माण होऊ शकतो. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. महामार्गालगतच्या किती भिंतींवर ती लागली आहे, याची तपासणी आरोग्य खात्याने करून तालुक्याची यादी जाहीर करावी. त्याला नवा निधी लागणार नाही.