अमीनाबादचा गुमास्ता आणि आपण

लखनौच्या चारबाग स्टेशनावर उतरलेला माणूस थोड्याच वेळात अमीनाबादेत पोहोचतो. जवळच फतेहगंज, पांडेगंज या धान्य-किराण्याच्या पेठा आहेत. डाळ, साखर, मसाल्याची पोती इथे उतरतात. दुकानातला नोकर ती फोडतो, निवडतो, तोलतो, बांधतो आणि फळ्या लागेपर्यंत उभा राहतो. गुरुवारी अमीनाबाद बंद असते. ही आठवड्याची सुट्टी मालकाच्या मेहेरबानीची नव्हे. तिच्यामागे उत्तर प्रदेशाचा १९६२ चा दुकान कायदा आहे. परंतु उरलेल्या सहा दिवसांचे काय? कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, आजारपणातला पगार, हे सारे बहुतेक छोट्या दुकानांत आजही तोंडी शब्दावर चालते.

अशा नोकरांनी मागणीपत्र द्यावे, वाटाघाटी कराव्यात आणि गरज पडल्यास संप करावा, हे शक्य आहे काय? आमचे उत्तर होय असे आहे. मात्र दुकानागणिक ते शक्य नाही. संपूर्ण बाजार एक कारखाना मानूनच ही लढाई लढावी लागेल.

कायद्याचा हिशेबच पाहा. युनियनच्या नोंदणीला किमान सात सभासद लागतात. दुकानात माणसे चार. ग्रॅच्युइटीला दहा कामगारांची अट, प्रॉव्हिडंट फंडाला वीसची. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तोच कायद्याच्या जाळीतून खाली पडतो. महाराष्ट्रातही वेगळे घडलेले नाही. दुकान नोकरांसाठी देशातला पहिला कायदा १९३९ साली मुंबई प्रांताने केला. त्याच राज्यात २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी नोकरांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले आणि २०२५ साली ही अट वीसवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

संपाचेही तसेच. चार नोकरांनी काम थांबवले तर मालकाचा मुलगा तराजू हाती घेतो आणि दुसऱ्या दिवशी नवा पोऱ्या येतो. त्यात आता नवा अडसर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीचे बंधन सर्वच आस्थापनांवर घातले. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच मानला जातो. नोटिशीची सक्ती पूर्वी रेल्वे-टपालासारख्या सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती. तिचा जाच काय असतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. फरक इतकाच की आपल्यामागे फेडरेशन उभे असते; गुमास्त्याला ते १४ दिवस एकट्याने मालकाच्या नजरेसमोर काढावे लागतात.

मग मार्ग कोणता? तो मुंबईच्या हमालांनी दाखवला आहे. मशीद बंदरच्या किराणा बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीला कायमचा मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, की म्हातारपणाची सोय नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हे कामगार एकत्र आले, लढले आणि १९६९ साली महाराष्ट्राला माथाडी कायदा करावा लागला. त्यातून किराणा बाजार व दुकाने मंडळ उभे राहिले. मालकाने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला पगार, फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा द्यायची. मंडळावर मालक व कामगारांचे प्रतिनिधी समसमान आणि सोबत सरकार. कोणत्या दुकानात किती माणसे, हा प्रश्नच तेथे उरला नाही. या कायद्यात बदल करू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध माथाडींनी डिसेंबर २०२३ मध्ये लाक्षणिक संप केला, तेव्हा वाशीचा बाजार थांबला. संपाची ताकद कशात असते हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

हा कायदा हमालांचा आहे, गल्ल्याशेजारी उभ्या असणाऱ्या गुमास्त्याचा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यातले तत्त्व दोघांच्याही उपयोगाचे आहे. अमीनाबादेत गुमास्ता आणि हमाल एका मागणीपत्रावर आले, तर मालकाचा मुलगा तराजू धरील, पण पोती कोण उतरवील? मागण्या अवास्तव नकोत. नेमणूकपत्र, हजेरीपट, किमान वेतन बँकेतून, जादा तासांचा मोबदला, पगारी सुट्टी, एवढ्यापासून सुरुवात व्हावी. बोलणी एकेका शेठजीशी नव्हे, तर व्यापारी मंडळाशी व्हावीत. ईद आणि दिवाळीच्या आधी बाजार तेजीत असतो. तेव्हा दिलेल्या नोटिशीला वजन असते. संप हे शेवटचे हत्यार आहे. पण ते म्यानात तरी आहे, हे समोरच्याला ठाऊक असल्याशिवाय वाटाघाटी म्हणजे केवळ विनवणी ठरते.

छोटा दुकानदार आमचा शत्रू नाही. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवसांच्या रेल्वे संपात अनेकांच्या चुली उधारीच्या किराण्यावर पेटल्या. ते उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण उधारीचे ते धान्य तोलणारा हातही विसरता कामा नये. ११ जुलै १९४६ रोजी टपाल कामगार संपावर गेले आणि २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी सारे कलकत्ता थांबले. आपण एकटे लढलो नाही. मग गुमास्त्याने एकट्याने का लढावे? १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी आधी रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली होती. आपली नोकरी सुटली तरी दुसऱ्याच्या सुट्टीसाठी झटायचे, ही शिकवण आपल्याच घरातली आहे.

म्हणून आमचे शाखांना सांगणे साधे आहे. पुष्पक एक्स्प्रेस मुंबईहून रोज लखनौला जाते. तिच्याबरोबर माथाडी कायद्याची हिंदी प्रत, मंडळाच्या कामकाजाची माहिती आणि पाठिंब्याचा ठराव चारबाग व आलमबागच्या साथींकडे पाठवा. ते साथी संध्याकाळी अमीनाबादेतच बाजार करतात. पुडी बांधून घेताना त्यांनी दोन शब्द बोलावेत. सात सभासदांची पहिली यादी अशाच बोलण्यातून तयार होते.