बाळाचे पोट आणि घराचा जमाखर्च

गेल्या महिन्यात आम्ही मिरज तालुक्यातील एका वस्तीत महिला मंडळाच्या बैठकीस गेलो होतो. बैठक सुरू होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच मागे बसलेली एक मुलगी तान्ह्या बाळाला पदराखाली घेऊन उठली. बाळ सात महिन्यांचे. तीन दिवसांपासून जुलाब. शेजारच्या आजी म्हणाल्या, "टाळू पडलीया पोराची. त्याल घालून भरा, अन् दूध बंद करा, म्हंजे पोट बसतंय." आम्ही जवळ जाऊन पाहिले. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडताना डोळ्यांतून पाणी नाही. बैठक तिथेच थांबवली आणि मायलेकरांना मोटारसायकलवर बसवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. बाळ वाचले.

त्या आजींवर आम्ही रागावलो नाही. रागावण्याचा आम्हाला अधिकारच नाही. कारण हाच मूर्खपणा आमच्या स्वतःच्या घरात झालेला आहे, आणि आम्ही तर बी.कॉम. झालेले!

आमचे थोरले पोर २००९ सालचे. तेव्हा आम्ही साताऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. जन्म झाल्यावर आमची आई म्हणाली, "चिकाचं दूध जड असतंय, पिळून टाका." ते टाकले. त्याऐवजी बोटावर मध चाटवला. पुढे बाळघुटी सुरू झाली. दोन महिन्यांनी पत्नी शिवणकामावर जाऊ लागली, तेव्हा प्लास्टिकची बाटली आम्ही स्वतः विकत आणली. ती कोमट पाण्याने विसळून भरायची, एवढेच आम्हाला ठाऊक. बायकांच्या कामात पुरुषाने काय बोलायचे, असा आमचा समज. पाचव्या महिन्यात पोराला जुलाब लागले. एका डॉक्टरांनी लगेच अँटिबायोटिकचे औषध लिहून दिले. पाणी किती पाजायचे, हे कोणी सांगितले नाही. दूध आम्ही बंद केले. तिसऱ्या दिवशी पोराने मान टाकली. सलाइन लावून सहा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले.

कारकुनाला हिशेबाची खोड असते. त्या महिन्याची वही अजून आमच्याकडे आहे. औषधे, रिक्षा, पत्नीची बुडालेली मजुरी, आमची बिनपगारी रजा आणि सहकाऱ्याकडून घेतलेले हातउसने मिळून ४,३०० रुपये. तेव्हा आमच्या हाती येणारा पगार त्याच्या दुपटीहूनही कमी होता. पुढचे दोन महिने घरात भाजी मोजून आली, आणि नवरा-बायकोत शब्दाला शब्द लागला तो वेगळाच. एका पोराचे पोट बिघडले की घर कसे बिघडते, हे आम्ही त्या वहीत शिकलो. ज्या घरी मोठी मुलगी असते तिथे तर पहिली तिची शाळा बुडते. आई कामावर, लहानगे आजारी, मग "तू आज घरी ऱ्हा गं." वस्तीवर हजेरीपट आणायला गेलो की हे कारण आम्हाला हमखास ऐकायला मिळते.

आता चिकाच्या दुधाचे पाहू. पहिले दोन-तीन दिवस येणारे पिवळे, घट्ट दूध जड नसते. रोगाशी लढणारे घटक त्यात सर्वांत अधिक असतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आईच्या दुधात आणखी एक नवल आहे. त्यात काही साखरेसारखे पदार्थ असे असतात की बाळाला ते पचतच नाहीत. मग निसर्गाने ते घातले कशाला? तर ते बाळासाठी नाहीतच. बाळाच्या आतड्यात वस्तीला येणाऱ्या चांगल्या जिवाणूंचे ते अन्न आहे! हे जिवाणू एकदा बसले की आतड्यातील आंबटपणा वाढतो आणि रोगजंतूंना जागा मिळत नाही. वस्तीत चांगली माणसे आधी राहायला आली की गुंडांना खोली मिळत नाही, तसेच हे. आम्ही मध आणि घुटी देऊन गुंडांना आधी बोलावले होते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित असे जंतू जातात की बाळाचे अंग लुळे पडते.

ओडिशातील खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक प्रयोग केला. अंगावर पिणाऱ्या या बाळांपैकी काहींना जन्मानंतर सात दिवस एका चांगल्या जिवाणूची मात्रा आणि त्या जिवाणूचे खाद्य दिले. रक्तात जंतू पसरण्याचा आजार आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणून कोणी उद्या औषधाच्या दुकानात धावू नका. त्या बाळांची निवड आणि देखरेख डॉक्टरांनी केली होती. आपल्या घरी फुकट मिळणारी मात्रा आईच्या अंगावर आहे.

सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या भगिनी विचारतात, "उन्हाळ्यात लेकराला तहान लागत न्हाई व्हय?" लागते. पण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते. तहान त्यानेच भागते. टँकरचे पाणी बाळाच्या पोटात घालण्याचे कारण नाही. आईने मात्र पोटभर खाल्ले-प्याले पाहिजे, आणि ते पाहणे हे घरातल्या पुरुषाचे काम आहे. बाटलीच्या दुधाची आणि डब्याची जाहिरात करण्यावर १९९२ च्या कायद्याने बंधन आहे. तरी बाटली घरात येतेच, कारण कामावर जाणाऱ्या बाईला दुसरा मार्ग कोणी ठेवत नाही. अशा वेळी दूध हाताने स्वच्छ भांड्यात पिळून ठेवावे आणि वाटी-चमच्याने पाजावे. वाटी घासता येते, बाटलीचे बूच नीट घासले जात नाही.

पाण्याचा विषय निघाला की आम्हाला मसूरचे स्टेशन आठवते. १९०१ साली बाळ भीमराव साताऱ्याहून भाऊ आणि बहिणीच्या मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी रोखपाल होते. मसूरला उतरून बैलगाडीने जाताना रात्र झाली. बरोबर शिदोरी भरपूर होती, पण अस्पृश्य म्हणून पाणी कोणी दिले नाही, आणि घशाखाली उतरवायला पाणी नाही म्हणून पोरे अन्न असून उपाशी झोपली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे लिहून ठेवले आहे. अन्नापेक्षा पाणी आधी, हे आपल्या जिल्ह्यातल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने असे सोसले.

आज पाणी अडवणारा उभा नाही, पण पाण्यात घाण आहे. घाणीतून जंतू पुन्हा पुन्हा पोटात गेले की आतड्याच्या आतल्या बाजूची बारीक लव झिजते. अन्न शोषून घेण्याचे काम तीच करते. मग पोराला कितीही भरवा, अंगी लागत नाही, उंची खुंटते. आई बिचारी म्हणते, "खातंय तर सारं, जातंय कुठं?" आपल्या सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. आबा पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१८ साली स्वच्छ सर्वेक्षणात सातारा जिल्हा देशात पहिला आला. अभिमानाची गोष्ट आहे. पण बक्षिसाचा फलक चौकात लागतो आणि हंड्यात बुडवायचा पेला तोच राहतो! लांब दांड्याचा ओगराळा आणा, पाणी उकळा, आणि बाळाची शी काढल्यावर व भरवण्याआधी साबणाने हात धुवा. बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे.

जुलाब लागलेच तर अंगावरचे दूध थांबवू नये. ओ.आर.एस.चे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, कमी नाही की जास्त नाही, कालवून वाटी-चमच्याने घोट घोट द्यावे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडील सलाइन संपत आले. त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिले. कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आई-बापांच्या हातातली वाटी एवढे काम करते. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी द्याव्यात. साध्या जुलाबांत अँटिबायोटिक मागू नये; ते चांगल्या जिवाणूंनाही मारते. मात्र शौचात रक्त, सारखी उलटी, लघवी न होणे, टाळू खोल जाणे किंवा बाळ सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर तेल न शोधता दवाखाना गाठावा. रोटा विषाणूची लस आता सरकारी केंद्रात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मोफत आहे. आमच्या पोराच्या वेळी ती तिथे नव्हती.

सहा महिन्यांनंतर ज्वारीची पेज, मऊ वरणभात, उकडलेले अंडे. मोठ्यांनीही भाकरी, आंबील, ताक सोडू नये. ज्वारीचा कोंडा हेच त्या जिवाणूंचे खाणे. आजोबांनी खिशातून काढलेला पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा मात्र हात धरून थांबवा.

त्या वस्तीवरचे बाळ आता हसते-खेळते आहे. आजी त्याला ओ.आर.एस. कसे पाजले, हे ज्याला त्याला सांगत असतात. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही, हे आम्हाला त्याच दिवशी दिसले. सतरा बायकांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, पोचपावती आमच्या खिशात आहे. झाकण अजून आलेले नाही. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत; ज्यांना सवड असेल त्यांनी यावे.